बापूसाहेबांचा अमृतमहोत्सव आणि एकशे चाळीस आरसे

एका जंगलात, मुलांनो, एक चूक झाली आणि ती बापूसाहेब गव्यांनी केली.

हे आधीच सांगून टाकतो. कारण मोठी माणसं असली गोष्ट सांगायला बसली की शेवटी म्हणतात, "चूक काय, सगळ्यांचीच थोडी थोडी होती." नव्हती. सूर्याची नव्हती, आरशांची नव्हती, मोटारींची तर मुळीच नव्हती. बापूसाहेबांची होती. आता मांडी घालून बसा. उभं राहून ऐकलंत तरी चालेल. उभं असलेलं बरं असतं, पुढे कळेल.

जंगल पठारावर होतं. पूर्वी तिथे उत्तरेकडे दाट झाडी होती आणि थंडी बाहेरच्या बाहेर निघून जायची. मग जंगलाच्या कार्यकारिणीने ती झाडी तोडून मैदान केलं. कशाला? सभा घ्यायला. झाडी गेली, वारा आत आला, थंडी जमिनीत शिरली. वाळूत घातलेली अंडी वाळूतच राहिली. कासवांची, घोरपडींची, सुसरींची. दोन हिवाळे एक पिल्लू बाहेर आलं नाही.

कार्यकारिणीने दोन्ही वर्षी शोकसभा घेतली, अध्यक्षस्थानी बापूसाहेब. त्याच मैदानावर.

या सभांना यमूताई नावाची एक कासवीण यायची. वय चाळीस, म्हणजे कासवांत अजून पोरगीच. दोन वर्षांत तिची बावीस अंडी गेली होती. दुसऱ्या शोकसभेत ती मध्येच म्हणाली, "ऊन तर रोज पडतंय. ते वाळूखाली का नाही न्यायचं?"

तिला खाली बसवण्यात आलं. कासव खाली बसलेलंच असतं. तरी बसवण्यात आलं.

मग तिने कुणाला न विचारता काम सुरू केलं. तिच्याबरोबर बकुळा नावाची एक साळिंदर होती. नाव फुलाचं, अंगभर काटे आणि तोंड त्याहून टोकदार. शिवाय मुंगसांची एक टोळी. या सगळ्यांनी मिळून मैदानाच्या कडेला उंच मनोरा उभा केला. मनोऱ्यावर काळा हंडा. हंड्यात मीठ. आणि मनोऱ्याभोवती एकशे चाळीस आरसे, एकेका खांबावर एकेक.

आरसे ऊन पकडून हंड्यावर फेकायचे. एवढ्या आरशांचं ऊन एका जागी आलं की मीठ वितळून पाण्यासारखं व्हायचं. ते नळ्यांतून खाली उतरायचं, वाळूखालून फिरून परत वर चढायचं. वाळू कोमट, अंडी उबेत. मीठ एकदा नीट तापलं की रात्रभर धीर धरायचं. पण नीट तापलं नाही, तर नळीतल्या नळीत दगड. मग नळी फोडल्याशिवाय सुटका नाही.

उद्घाटन कुणी केलं? बरोबर. तुम्ही हुशार आहात.

आता मोटारींचं सांगतो. झोपू नका, सगळी गोष्ट यावरच आहे.

सूर्य एका जागी बसत नाही. त्याला कार्यकारिणीत घेतलेलं नाही ना, म्हणून. तो सरकतो, म्हणून आरशांनाही सरकावं लागतं. प्रत्येक आरशाला दोन मोटारी होत्या. एक आरसा डावी-उजवीकडे वळवायची, दुसरी वर-खाली कलवायची. मोटारीला दातेरी चाकांची अशी माळ लावलेली की मोटार हजार वेळा गरगरावी तेव्हा आरसा नखभर हलावा. जोर लागत नव्हता, फेरे लागत होते. बघणाऱ्याला वाटायचं, आरसा थांबलाय. पण वावटळ आली तरी तो जागचा ढळत नव्हता.

"इतकं हळू?" उद्घाटनाला बापूसाहेबांनी विचारलं.

"सूर्य कुठे पळतोय?" यमूताई म्हणाली.

बापूसाहेबांना उलट उत्तर आवडत नसे. त्यांनी मग दुसरी खोट काढली. त्यांनी आरशांसमोरून एक फेरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे आरसे बघतायत कुठे? सूर्याकडे बघत नाहीत. हंड्याकडे बघत नाहीत. मधेच कुठेतरी आभाळात बघतायत!"

"तसंच लागतं, बापूसाहेब," यमूताई म्हणाली. "सूर्य इकडे, हंडा तिकडे. आरशाने दोघांच्या बरोबर मधोमध बघितलं, तरच ऊन सूर्याकडून हंड्यावर जातं."

"ज्याचं खायचं त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं. याला संस्कार म्हणतात."

"सूर्याकडे तोंड केलं तर ऊन सूर्यालाच परत जाईल."

"जाऊ दे! मोठ्यांचं मोठ्यांना गेलं तर काय बिघडलं?"

आणि खरंच, मुलांनो, एक दिवस सगळे आरसे सूर्याकडे तोंड करून उभे केले गेले. फार सुंदर दिसत होते. हंडा गार. सूर्याला त्याचंच ऊन साभार परत. संध्याकाळी कार्यकारिणीने ठराव केला की सूर्य सहकार्य करत नाही. दुसऱ्या दिवशी यमूताईने कुणाला न सांगता आरसे पूर्ववत केले. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी परत आरशांकडे बघितलंच नव्हतं.

आता किल्लीचं.

सगळ्या मोटारी एका पेटीतून चालायच्या. पेटीत आरशांनी ऊन कुठे टाकायचं ती जागा भरली, की मोटारी आपापलं बघून घ्यायच्या. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली बापूसाहेबांच्या गळ्यात. त्या जंगलात जे जे महत्त्वाचं ते ते अध्यक्षांच्या गळ्यात अडकवायची पद्धत होती. धान्याच्या कोठाराची किल्ली, पाणवठ्याची किल्ली, दवाखान्याची किल्ली. बापूसाहेब चालले की घुंगरांसारखा आवाज यायचा. कोणती किल्ली कशाची, हे त्यांना माहीत नव्हतं. यमूताई रोज सकाळी जायची, अर्धा तास उपदेश ऐकायची, मग किल्ली मिळायची. काम झालं की लगेच परत. किल्ली फक्त सकाळी मिळे. दुपारी मागणं म्हणजे अविश्वास.

तर त्या हिवाळ्यात यमूताईने वाळूत अकरा अंडी घातली. मनोऱ्याच्या पायथ्याशी, नळ्यांच्या वर. पन्नास दिवस वाळू उबदार राहिली. ती रोज वाळूला गळा लावून बघायची. पन्नासाव्या दिवशी आतून टकटक ऐकू आली.

"बकुळे, आले गं! चार-पाच दिवसांचं काम!"

"ताई, मग रडतेस कशाला?"

"मी रडत नाहीये. कासवाचे डोळे असेच असतात."

आणि त्याच आठवड्यात, मुलांनो, बापूसाहेबांचा अमृतमहोत्सव आला.

गवा फार तर तीस वर्षं जगतो. तरी पंच्याहत्तरी. मोजणारा सचिव होता, आणि सचिव होता खोकड. जो खोकड अध्यक्षांची वर्षं तिप्पट मोजू शकतो, तो सचिव होणारच.

खोकड म्हणाला, "साहेब, हार सगळेच घालतात. शाल सगळेच घालतात. आपल्याला एकशे चाळीस आरशांची मानवंदना देऊ. आपण अध्यक्षीय भाषणाला उभे राहिलात, की एकेक आरसा हंड्यावरून वळेल आणि आपल्यावर प्रकाश टाकेल."

बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच रडत होते. गव्याचे डोळे तसे नसतात.

यमूताईला बोलावण्यात आलं. ती पोचेपर्यंत ठराव झाला होता.

"बापूसाहेब," ती म्हणाली, "त्या उन्हाने मीठ वितळतं."

"मी काय मीठ आहे?"

"मीठ असतात तर बरं होतं. वितळून परत गोठला असता. तुम्ही भाजाल."

"पंच्याहत्तर उन्हाळे पाहिलेत मी!"

"पंचवीस," मागून बकुळा म्हणाली. तिला बाहेर काढण्यात आलं.

"आणि माझी अंडी?" यमूताई म्हणाली. "आरसे हंड्यावरून निघाले की मीठ गार व्हायला लागतं. त्यांना वळायला वेळ लागतो, परत यायला तेवढाच लागतो. मनोऱ्याची सावली चिंचेला टेकायच्या आत आरसे हंड्यावर आले नाहीत, तर त्यानंतरचं ऊन मीठ तापवायला पुरत नाही. नळ्या गोठतील. पिल्लं आतून कवच ठोकतायत, बापूसाहेब. आजच."

खोकड हसला. "अहो यमूताई, कार्यक्रम सकाळचा आहे. सावली जांभळाला टेकायच्या आत सगळे जेवायला बसलेले असतील."

तुम्ही कधी सत्काराच्या कार्यक्रमाला गेला असाल तर आता तुम्हाला पुढचा अंदाज आला असेल. यायलाच हवा.

सांगून ठेवतो, मनोऱ्याची सावली दुपारी जांभळावर पडायची, मग बोरीवर, मग चिंचेवर. हेच त्या जंगलाचं घड्याळ.

सकाळचा कार्यक्रम सावली जांभळावरून निघाल्यावर सुरू झाला, कारण बापूसाहेब यायचे होते. ते मैदानाच्या कडेलाच उभे होते. पण सगळे जमल्याशिवाय येणं अध्यक्षांना शोभत नाही. मग दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय राहिला होता, तो झाला. एका अस्वलाने दोन शब्द बोलतो म्हणून सुरुवात केली. ते दोन शब्द कोणते होते, हे अजून कळलेलं नाही, बाकीचेच फार होते. मग हार, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचं वाचन. फोटोसाठी मानपत्राचं परत वाचन.

सावली बोरीला टेकली तेव्हा बापूसाहेब माईकसमोर उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांचाच मोठा फ्लेक्स. खोकडाने त्यांच्या गळ्यातून किल्ली काढली, खुर्चीखाली ठेवलेली पेटी उघडली, त्यात मनोऱ्याच्या जागी व्यासपीठ भरलं, कुलूप लावलं आणि किल्ली परत गळ्यात घातली.

दोनशे ऐंशी मोटारी घुर्र करून सुरू झाल्या.

इथे तुम्हाला त्या जंगलाचा एक नियम माहीत हवा. आभारप्रदर्शन होण्याआधी अध्यक्षाने व्यासपीठ सोडलं, तर अध्यक्षपद सुटलं. हा नियम बापूसाहेबांनीच केला होता. आधीचे अध्यक्ष एक वयस्कर हत्ती होते. ते एकदा चालू सभेतून लघवीला उतरले. परत आले तर खुर्चीत बापूसाहेब, आणि हातात नवा नियम. हत्तीची लघवी जरा वेळखाऊच.

"माझ्या तरुण मित्रांनो," बापूसाहेबांनी सुरुवात केली, "आजची पिढी कष्ट करत नाही."

पहिला आरसा आला. जवळच्या रांगेतला. बापूसाहेबांच्या छातीवर उन्हाचा एक चौकोन पडला. थंडीचे दिवस, बरं वाटलं. टाळ्या. मग दुसरा आला, तिसरा आला. दहा आरसे आले तेव्हा बापूसाहेब झळाळत होते. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

"आमच्या वेळी मोटारी नव्हत्या. आम्ही स्वतः मान वळवून सूर्याकडे बघायचो."

तीस आरसे आले. गळ्यातली झेंडूची फुलं माना टाकायला लागली. मागे बसलेलं अस्वल म्हणालं, "मी जरा पाणी पिऊन येतो." ते गेलं. दुसरं अस्वल त्याला पाणी दाखवायला गेलं.

पन्नास आरसे. फ्लेक्सवरच्या बापूसाहेबांचं नाक हनुवटीपर्यंत लोंबलं. नारळाला तडा गेल्याचा आवाज आला. समोरच्यांना वाटलं, कुणीतरी शुभकार्याला फोडला. बापूसाहेबांनी घाम पुसला आणि रागाने आरशांकडे बघितलं.

"आणि संस्कार बघा! इतका प्रकाश टाकतायत, पण एकही आरसा माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही! सगळे मधेच कुठेतरी बघतायत!"

यमूताई व्यासपीठाच्या पायरीशी होती. तिने सावली बघितली. बोरीवरून निघाली होती.

"बापूसाहेब, किल्ली द्या."

"भाषण चालू आहे."

"पिल्लं मरतील!"

"किल्ली मागायची वेळ सकाळची, यमू. मी नियम मोडला तर बाकीच्यांनी काय शिकायचं?"

"मग निदान संपवा तरी!"

तेव्हा बापूसाहेबांनी माईकवर हात ठेवला. अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले. मोठी माणसं खरं बोलतात तेव्हा माईकवर हात ठेवतात, हे लक्षात ठेवा.

"संपवायचंच आहे गं. पाठ पोळतेय. पण आभार कोण मानणार? आभाराला खोकड होता. कुठाय तो?"

यमूताईने बघितलं. खुर्च्या रिकाम्या. खोकड मांडवामागच्या सावलीत बसून जिलेबी खात होता. बाकीची कार्यकारिणीही तिथेच.

"मी मानते आभार. आत्ता. दोन वाक्यांत."

तिची अकरा अंडी वाळूत होती, मुलांनो. ती कुणाचेही आभार मानायला तयार होती.

बापूसाहेबांनी विचार केला. खरंच केला, कारण त्यांच्या शालीतून धूर निघत होता. मग त्यांनी मान हलवली.

"चालत नाही. आभार कार्यकारिणी सदस्यच मानतो. तू कर्मचारी."

आणि त्यांनी माईकवरचा हात काढला. "तर मित्रांनो, दोनच मिनिटं..."

यमूताई वळली. कासव वळायला वेळ लागतो. पण वळलं की वळलं.

"बकुळे!" ती ओरडली. "हाताने फिरवा!"

प्रत्येक मोटारीच्या मागे एक बारीक भोक होतं. वीज गेली तर तार काढायची, भोकात हँडल घालायचं आणि चाकं हाताने फिरवायची. आणि प्रत्येक खांबावर यमूताईने खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. सावली जांभळावर असताना आरसा कुठे, बोरीवर असताना कुठे, चिंचेवर असताना कुठे. कार्यकारिणीने त्यावरून तिला हसून घेतलं होतं. पेटी असताना खडू कशाला?

हँडलं होती चार. आरसे एकशे चाळीस.

"ताई, भोक केवढं ठेवलंय आठवतं ना?" बकुळा म्हणाली आणि तिने पाठीवरचा एक काटा उपटला. "माझ्या काट्याएवढं. मापाला दुसरं होतं काय आपल्याकडे?"

"काटा मोडेल."

"जोर लागत नाही, फेरे लागतात. तूच सांगतेस ना रोज? कान किटले."

पण काटे फिरवायला हात हवेत. आणि सगळे हात मैदानावर बसलेले, भाषण ऐकत. त्या जंगलात मोठ्यांचं भाषण चालू असताना आजवर कुणी उठलं नव्हतं. साप एकदा पायावरून गेला होता, तरी कुणी उठलं नव्हतं.

बकुळा मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बापूसाहेब तेव्हा सांगत होते की तरुणांनी मोठ्यांच्या पावलांवर पाऊल ठेवावं.

"ए!" बकुळा म्हणाली. "वाळूत पिल्लं गार पडतायत. कोण कोण येतंय?"

"शू! बोलतायत ना ते!" पहिल्या रांगेतला म्हातारा वानर म्हणाला.

"ते बोलतच असतात, आजोबा. उद्याही बोलतील. तुम्ही बसा, तुम्हाला सवय आहे."

आधी एक मुंगूस उठलं. मग एक घोरपड उठली, तिचीही सात अंडी वाळूत होती. मग माकडांची अख्खी रांग उठली. उठताना त्यांनी अंग चोरलं, ती वाकून चालली, त्यांना अजून लाज वाटत होती. पाचव्या पावलाला त्यांची लाज गेली. मग ती पळाली.

बकुळा काटे उपटून वाटत होती. "घे. खूप आहेत. ओरबाडू नकोस रे, पाठ आहे ती माझी!"

तार उपटायची, काटा घालायचा, फिरवायचं. एक, दोन, शंभर, चारशे. आरसा खुणेकडे नखानखाने सरकायचा. यमूताई एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात होती आणि ओरडत होती, "चिंचेची खूण! बोरीची नको, चिंचेची!" कासवाला पळताना त्या दिवशी ज्यांनी बघितलं ते सांगतात, दिसायला फारसं वेगळं नव्हतं. पण ती पळत होती.

सावली चिंचेपासून चार हातांवर. वीस आरसे हंड्यावर.

दोन हातांवर. साठ.

इकडे बापूसाहेबांना समोरून गार वाटायला लागलं. त्यांना वाटलं, आपल्या विचारांनी वातावरण शांत झालं. ते भाषण वाढवत गेले. समोरच्या मैदानावर आता दोन म्हातारे उरले होते, आणि त्यांतला एक झोपला होता.

सावली चिंचेला टेकली तेव्हा हंड्यावर एकशे दहा आरसे होते. हंडा परत लाल दिसायला लागला. यमूताई वाळूवर आडवी झाली आणि तिने गळा खाली लावला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. म्हणजे बापूसाहेब सोडून.

"पूर्वेकडची नळी गोठली," ती शेवटी म्हणाली. "कोपऱ्यातली. बाकीच्या चालू आहेत."

कोपऱ्यात तिचं एक अंडं होतं.

उरलेले तीस आरसे कुठे होते? मांडवामागच्या रांगेत. तिथे कुणी गेलं नाही, कारण तिथे कार्यकारिणी जिलेबी खात होती आणि मुंगसांना ती तोंडं बघायची नव्हती. मधला फ्लेक्स केव्हाच वितळून गळून पडला होता. ते तीस आरसे इमानदारीने बापूसाहेबांच्या मागच्या बाजूवर ऊन टाकत राहिले. बापूसाहेब राष्ट्र आणि शिस्त यावर आले होते. तेवढ्यात शालीने पेट घेतला, शालीवरून जाळ शेपटीला लागला, आणि बापूसाहेब वाक्य अर्धवट सोडून माईकसकट पाणवठ्याच्या दिशेने निघाले. माईकची वायर बरीच लांब होती. "आई गं" पर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

त्यांनी व्यासपीठ सोडलं होतं. आभार झाले नव्हते. नियमाप्रमाणे अध्यक्षपद सुटलं होतं.

पण नियम वाचायला कार्यकारिणी बसली आणि तिला आढळलं की बापूसाहेब व्यासपीठ सोडून गेले नसून व्यासपीठाच्या कामानेच पाणवठ्यावर गेले होते. मग चौकशी समिती नेमली. तीन सदस्य: दोन अस्वलं आणि खोकड.

समितीने यमूताईला विचारलं, "मोटारी इतक्या हळू का? जलद असत्या तर आरसे वेळेत परत वळवता आले असते."

"जलद असत्या तर बापूसाहेब 'माझ्या तरुण मित्रांनो' म्हणतानाच भाजले असते," यमूताई म्हणाली.

समितीने हे लिहून घेतलं नाही. अहवालात शेपटीच्या गोंड्यावर तीन पानं आहेत. अंड्याचा उल्लेख नाही. दुर्घटनेचं कारण म्हणून 'श्रोत्यांची बेशिस्त' असं नोंदवलं आहे. उपाय म्हणून चारही हँडलं जप्त करून बापूसाहेबांच्या गळ्यात अडकवण्यात आली. आता ते चालले की मालगाडी गेल्यासारखं वाटतं.

बकुळाचे काटे जप्त करता आले नाहीत. ते परत उगवले.

चार दिवस सगळ्यांनी आरसे काट्यांनीच फिरवले आणि पाचव्या दिवशी वाळू हलली. दहा पिल्लं बाहेर आली, एकामागे एक, डोळ्यांना वाळू चिकटलेली. यमूताईने ती मोजली. मग परत मोजली. मग कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि आरशांच्या तारा जोडायला गेली. ऊन वाया जात होतं.

दुपारी पिल्लांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. त्याच मैदानावर. अध्यक्षस्थानी बापूसाहेब.

"माझ्या छोट्या मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली.

दहाही पिल्लं वळली आणि चालू लागली. कासवं असल्यामुळे मैदानाबाहेर पडायला त्यांना पूर्ण भाषण लागलं. पण त्यांतलं एकही थांबलं नाही.

*

तात्पर्य : मोठी माणसं बोलायला उभी राहिली की लहानांनी चुळबुळ करू नये. सरळ उठून जावं. उगाच शेवटपर्यंत थांबू नये. शेवट करणं त्यांच्या हातात नसतं.

बापूसाहेब अजून अध्यक्ष आहेत. किल्ली अजून त्यांच्या गळ्यात आहे. यमूताईचं त्या दिवशी एक पिल्लू गेलं. बापूसाहेबांचा शेपटीचा गोंडा गेला.

दुसरं काही गेलं नाही.